आगमनकाळ: नाताळच्या आधीचे चार रविवार घरात पुन्हा कसे पाळावेत

डिसेंबरातला गुरुवार. बोरिवलीहून सुटलेल्या चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात माझी रोजची मैत्रीण खिडकीशी बसली होती. मी डब्यातली चकली पुढे केली तर म्हणाली, "आज नको गं, मार्गशीर्षातला गुरुवार आहे. संध्याकाळी घट मांडायचाय." मग तिने सहजच विचारलं, "तुमच्यात नाताळच्या आधी काय असतं?" मी सांगू लागले: केक, फराळ, चांदणी लावायची, हिल रोडची खरेदी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झालंच. पण देवाचं काय करता?"

अंधेरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. माझं बालपण भायखळ्याच्या मराठी प्रोटेस्टंट घरात गेलं, लग्न होऊन आले वसईच्या कॅथलिक घरात. दोन्हीकडे आगमनकाळ हा शब्द रोजच्यासारखा कानावर पडायचा. देवळात जांभळा रंग दिसायचा. तरी घरी मात्र आम्ही नोव्हेंबर संपला की थेट २५ डिसेंबरवर उडी मारत होतो. त्या प्रश्नानंतर दरवर्षी थोडं थोडं करत घरात जे रुजलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळं एकाच वर्षी करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी दोन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ.

आधी हे समजून घेऊ

आगमनकाळ हा नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ. त्याचं मूळ लॅटिन नाव 'अ‍ॅडव्हेंटुस', म्हणजे येणं. चर्चचं नवं उपासनावर्ष इथूनच सुरू होतं, १ जानेवारीपासून नव्हे. पहिला रविवार काढायची सोपी रीत अशी: ३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रियाचा सण, त्याच्या सर्वांत जवळचा रविवार घ्यायचा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. २०२८ मध्ये ३ डिसेंबरला, म्हणजे त्या वर्षी चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी. हातात मोजके बावीस दिवस राहतील, तेव्हा तयारी नोव्हेंबरातच करा.

पूर्वी हा काळ उपवासाचा होता. स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेने इ. स. ३८० मध्ये लोकांना सांगितलं होतं, की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कुणी चर्चला गैरहजर राहू नये. आपल्या मुंबईतल्या मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत आजही १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपवास असतो, मांसमच्छी वर्ज्य. आमच्या इमारतीत असं एक घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातून महिनाभर फक्त डाळ-भाजीचा वास येतो आणि २५ तारखेला जिन्यात पाऊल ठेवताच कळतं, की नाताळ आला.

या काळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंत प्रभूच्या पुन्हा येण्याकडे लक्ष, १७ पासून बेथलेहेमच्या जन्माकडे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, 'ग्लोरिया' गात नाहीत, कारण ते देवदूतांचं गाणं जन्माच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. राखून ठेवणं हीच या काळाची खरी शिकवण, असं मला आता वाटतं. मराठीत आपण 'वाट पाहतो'. येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसतो. आणि आगमनकाळाचा मोठा संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान, ओरडून सांगतो ते काय? वाट तयार करा. ज्या वाटेकडे बघत बसायचं तीच साफ करायची. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं याच एका कामासाठी.

पहिलं काम: जागा रिकामी करा

पहिल्या रविवारच्या आधीच्या शनिवारी घरातल्या सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसा. समोर कालनिर्णय किंवा फोनचं कॅलेंडर ठेवा. डिसेंबरात काय काय ठरलंय ते लिहा: ऑफिसच्या पार्ट्या, शाळेचं गॅदरिंग, लग्नं, फराळ, पाहुणे. मग यातलं काय २५ तारखेनंतर ढकलता येईल ते पाहा. हे सुचायला मला फार वर्षं लागली. नाताळ २५ ला संपत नाही, तेव्हा सुरू होतो. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस आनंदाचेच आहेत. मित्रमंडळींचं जेवण २८ किंवा ३० तारखेला ठेवलं तर कुणाचंच बिघडत नाही. उलट तेव्हा यजमानीण दमलेली नसते.

मग घरातली एक जागा खरोखर रिकामी करा. आमचं घर वन बीएचके. टीव्हीच्या बाजूला एक तिपाई आहे, तिच्यावर चार्जर, बिलं, औषधांच्या पट्ट्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असं सगळं पडलेलं असतं. ती तिपाई आम्ही त्या शनिवारी पुसून मोकळी करतो. तिच्यावर महिनाभर दोनच वस्तू असतात: मेणबत्त्यांचं चक्र आणि येशूबाळाची रिकामी गव्हाण.

मेणबत्त्यांचं चक्र, मुंबईच्या हवेत

ही प्रथा जर्मनीची. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न नावाचे धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि रोजच्या छोट्या. नाताळ किती जवळ आला ते मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं. पुढे घराघरांत फक्त चार उरल्या.

आपल्याकडे देवदार कुठून आणणार? प्लास्टिकची हिरवी माळ मिळते, पण ती चारही रविवार तशीच्या तशी राहते, म्हणून मला ती नको वाटते. दादरच्या फुलबाजारात सकाळी अशोकाची पानं आणि आंब्याचे टाळे मिळतात. अशोकाचं पान टिकतं बरं. पितळेची परात किंवा स्टीलचं खोल ताट घ्या, त्यात बोटभर वाळू किंवा तांदूळ पसरा, त्यात चार मेणबत्त्या रोवा, भोवती पानं मांडा. मुंबईच्या उकाड्यात पानं चार-पाच दिवसांत कोमेजतात. दर शनिवारी बदला आणि वाळलेली पानं ज्योतीजवळ राहू देऊ नका.

तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. माहीमच्या चर्चबाहेरच्या मेणबत्तीवाल्यांकडे विचारा, किंवा आपल्या चर्चच्या स्टॉलवर. जांभळी मिळाली नाही तर पांढऱ्या मेणबत्तीच्या बुडाला जांभळी फीत बांधा. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी फादरांची वस्त्रंही गुलाबी असतात. पहिल्या आठवड्यात एक पेटवायची, दुसऱ्यात दोन, असं करत चार.

आता वेळ. आमची रात्री साडेनवाची आहे, कारण त्याआधी यांचा विरारहून येणारा पाय घरात पडत नाही. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर ज्योत टिकत नाही. पंखा थांबला की जी शांतता पडते, तिच्यामुळेच मुलं गप्प होतात असा माझा अनुभव आहे. ट्यूबलाइटही बंद. एकाने पेटवायची, एकाने वाचायचं, मग मिनिटभर कुणी काही बोलायचं नाही, शेवटी एक कडवं. एवढंच. दहा मिनिटांच्या वर नेऊ नका, लांबवलं की दुसऱ्या आठवड्यात मोडतं. गाणं कोणतं म्हणाल, तर अभंगाच्या चालीवरचं एखादं जुनं भजन घ्या. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला, आणि टाळावर म्हणता येतील अशी भजनं त्यांनी मराठी ख्रिस्ती घरांना दिली. आजीला ती पाठ असतात. तिला सुरुवात करू द्या.

रिकामी गव्हाण

दुकानातून आणलेला गोठा पहिल्या दिवशीच बाळासकट मांडून टाकू नका. फक्त गव्हाण ठेवा, रिकामी. शेजारी एका वाटीत पेंढा. तो विकत घ्यायची गरज नाही. फळवाल्याकडे सफरचंदांच्या पेटीतलं गवत किंवा कागदाची कात्रणं मागा, तो हसून देतो. घरात कुणीही दुसऱ्यासाठी काही केलं, न सांगता, न मिरवता, की त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. काय केलं ते बोलायचं नाही. नियम एवढाच, की २४ तारखेला बाळ टोचणाऱ्या लाकडावर निजू नये.

पहिल्या वर्षी माझ्या मुलाने एका दिवसात सात काड्या टाकल्या. मी विचारणार होते, पण नियम आठवून गप्प राहिले. नंतर वॉचमनकाकांनी सांगितलं, लिफ्ट बंद होती तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या भाजीच्या पिशव्या वर नेत होता. एकेक पिशवी, एकेक खेप.

रोजचं वाचन

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरला पहिला, २४ ला शेवटचा. याहून सोपी योजना मला अजून सापडलेली नाही. पहिला अध्याय ८० ओव्यांचा, मोठा आहे, तो सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. गर्दीच्या लोकलमध्ये पुस्तक काय, फोनही धरता येत नाही. म्हणून वाचन घरी, चहाच्या कपाबरोबर करा आणि त्यातली एकच ओळ प्रवासाला घेऊन निघा. दादरला उतरेपर्यंत ती मनात घोळवायची.

तीन दिवस राहून गेलं तर भरून काढायला बसू नका. आजच्या तारखेचा अध्याय उघडा आणि चालू करा. बॅकलॉग साठला की वाचन गृहपाठासारखं होतं, आणि मग बायबल बंदच होतं. माझं दोन वर्षं असंच झालं.

आठवडा आठवड्याने

पहिला आठवडा जागं राहण्याचा. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा आणि नववा अध्याय वाचा: तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचं स्वप्न, अंधारात चालणाऱ्यांना दिसलेला उजेड. या आठवड्यात मी एक मौन पाळते. लूकच्या पहिल्या अध्यायात योहानाचा बाप जखऱ्या याची वाचा जाते, ती योहानाच्या जन्मानंतर त्याचं नाव ठेवेपर्यंत परत येत नाही. म्हातारपणी मूल होणार ही बातमी त्याला पोटात ठेवून राहावं लागलं. मी जाताना बोरिवली ते दादर कानात इअरफोन घालत नाही, फोन पर्समध्ये. पहिले दोन दिवस चुळबुळ होते. तिसऱ्या दिवशी समोर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा दिसू लागतो.

दुसरा आठवडा योहानाचा, आणि इथे मी तुम्हाला थांबवणार आहे, कारण सगळा आगमनकाळ मला या एका जागी सापडला. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात रस्ता बांधायची हाक आहे: खोलगट जागा भरून काढा, उंचवटे सपाट करा. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको, आपले रस्ते कायम खणलेलेच असतात. भराव घालणं म्हणजे काय मेहनत ती आपण रोज बघतो. मग लूकचा तिसरा अध्याय उघडा. लोक योहानाला विचारतात, "आम्ही करायचं काय?" आणि तो कुणालाही अरण्यात येऊन राहा म्हणत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. अन्न असेल त्यानेही तसंच करावं. जकातदाराला म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. शिपायाला म्हणतो, कुणाला लुबाडू नकोस, पगारात समाधान मान. म्हणजे ज्याच्या त्याच्या नोकरीतच त्याचा पश्चात्ताप आहे.

हे घरात असं उतरवा. एका संध्याकाळी कपाटं उघडा. जिथे दोन आहेत तिथलं एक बाहेर काढा, आणि चांगलं ते द्या. विटलेलं, बटण तुटलेलं नको. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. मग पैशाचा हिशेब: घरकाम करणाऱ्या मावशींचा, कचरा नेणाऱ्या भाऊंचा बोनस २५ ची वाट न बघता या आठवड्यातच द्या. त्यांचीही काही खरेदी असते. कुणाचे पैसे द्यायचे राहिले असतील, दुधवाल्याचे, शेजाऱ्याचे, तर ते चुकते करा. नाताळच्या खर्चाचा जो आकडा ठरवलाय त्यातला एक ठरावीक वाटा आधीच पाकिटात बाजूला काढा आणि आपल्या चर्चच्या, गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे किंवा तुमच्या मंडळीच्या मदतनिधीत टाका. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही.

याच आठवड्याच्या आसपास ६ डिसेंबर येतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो माणसं दादरला येतात, कित्येक जण रात्रभर चैत्यभूमीच्या रांगेत उभे असतात. दादरला राहत असाल, कामाला जात असाल, तर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं घेऊन जा. तासन्‌तास रांगेत उभं राहून डोळ्यांत थकवा नसलेली माणसं मी तिथे पाहिली आहेत. वाट पाहणं म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकले, हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे.

तिसरा आठवडा आनंदाचा. लूकमधलं मरियेचं स्तोत्र (१:४६-५५) घरातल्या मुलीला मोठ्याने वाचू द्या. या आठवड्यात दोन कामं. एक, प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. चर्चमध्ये सामुदायिक प्रायश्चित्ताची संध्याकाळ ठेवतात, तिची तारीख आधीच विचारून घ्या, २३ तारखेच्या रांगेवर सोडू नका. प्रोटेस्टंट घरात हेच काम फोन करून होतं: ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला आधी आपण फोन करायचा. जमिनीच्या वाटणीवरून तुटलेलं नातं एका फोनने जुळत नाही, हे मला माहीत आहे. तरी फोन करा.

दुसरं काम धान्य पेरायचं. १३-१४ तारखेला एका पसरट ताटलीत कापूस किंवा माती ओली करून रात्रभर भिजवलेले गहू किंवा नाचणी पसरा. नवरात्रात घटाखाली उगवतं तसंच. दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात, रोज पाण्याचा शिपका. २४ पर्यंत गोठ्याभोवती ठेवायला चांगलं हिरवं गवत तयार होतं.

चौथा आठवडा भेटीचा. मरिया डोंगराळ भागात योहानाच्या आईला, अलीशिबेला, भेटायला घाईने गेली. तुमच्या ओळखीत जी व्यक्ती घराबाहेर पडू शकत नाही तिच्याकडे जा. केक पाठवून नव्हे, स्वतः, तासभर. आम्ही वसईला सासूबाईंच्या मोठ्या बहिणीकडे जातो. त्या तेच तेच तीन किस्से सांगतात, आणि ते ऐकणं हेच तिथलं काम.

फराळाचा दिवस

हा सोडू नका, फक्त जरा उशिरा घ्या, १७ नंतर. कलकल हा नाताळचा गोड पदार्थ वळायला सगळं घर लागतं. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर घालून मळलेला गोळा, त्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेषा उठतात. माझ्या माहेरी कलकल नव्हते, करंज्या-शंकरपाळ्या होत्या. पण रीत कुठेही लागू पडते. टीव्ही बंद ठेवायचा आणि वळता वळता एकेकाने एकेका माणसाचं नाव घ्यायचं, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची आहे. आजारी शेजारी, नोकरी गेलेला भाऊ, परीक्षेला बसलेली मुलगी. त्या वर्षी घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव आपोआप येतं. बाबा गेले त्या वर्षी सगळ्यांत आधी आईनेच त्यांचं नाव घेतलं, आणि हात न थांबवता पुढची गोळी उचलली. ज्या घरात दुःख आहे त्यांनी फराळ केला नाही तरी चालेल, पण मेणबत्ती जरूर लावावी. आगमनकाळ अंधारातच सुरू होतो.

१७ ते २४ डिसेंबर

शेवटच्या आठवड्यात चर्चच्या सायंप्रार्थनेत सात दिवस सात नावांनी प्रभूला हाक मारतात: ज्ञान, अदोनाय (म्हणजे प्रभू), इशायाचा (दाविदाच्या बापाचा) अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि २३ तारखेला इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव. रोज रात्री मेणबत्त्या लावताना त्या दिवसाचं नाव तीनदा म्हणा आणि 'ये' म्हणा. मुलांना कागदावर किल्ली, अंकुर, सूर्य काढू द्या आणि भिंतीवर चिकटवा. चांदणी, झाड, दिव्यांच्या माळा यांना आम्ही याच दिवसांत हात लावतो. शेजारी विचारतात, तुमची चांदणी अजून कशी लागली नाही? त्यांना सांगता येतं, अजून यायचाय तो.

२४ ला सकाळी घर झाडून घ्या, दुपारी झोपा. रात्रीच्या मिस्सेत पेंगायचं नसेल तर ही दुपारची झोप हवीच. चर्चहून परत आलात की दिवे न लावता तिपाईपाशी या. बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवायचा मान घरातल्या सर्वांत लहानाचा. लहान कुणी नसेल तर सर्वांत थोरल्याचा. गेल्या वर्षी माझ्या मुलाने तो मान सासूबाईंना दिला. त्यांचा हात कापत होता, म्हणून त्याने खालून स्वतःचा तळहात धरला, आणि दोघांनी मिळून बाळ पेंढ्यावर टेकवलं. मग जांभळ्या-गुलाबी मेणबत्त्या काढून मधोमध एक पांढरी लावली, चांदणीचं बटण दाबलं आणि कलकलचा डबा उघडला.